बाबांच्या आरडीतले तुझे पाच हजार

प्रश्न (पत्र थोडक्यात देत आहोत, ओळख पटेल असे तपशील काढले आहेत) : ताई, मी २६ वर्षांची आहे. डोंबिवलीला आई-बाबांजवळ राहते, नोकरी लोअर परळला. हातात ३४,००० येतात. नोकरी लागल्यावर पहिली दोन वर्षं मी खूप उधळपट्टी केली. महागडा फोन, दर सेलला कपडे, शुक्रवारी ऑफिसच्या ग्रुपबरोबर हॉटेल, दोनदा गोवा, दादरहून ऑफिसला रोज टॅक्सी. सगळं क्रेडिट कार्डावर. दीड वर्षापूर्वी ते बंद केलं, पण कार्डं फिटेनात. आठ महिन्यांपूर्वी दीड लाखाचं पर्सनल लोन काढून ती रिकामी केली, तरी पुन्हा भरली. आज एका कार्डावर १,१२,००० आहेत, दुसऱ्यावर ५१,०००. लोनचे १,०६,००० उरलेत, फोनचे पाच हप्ते म्हणजे २१,०००, दोन लोन ॲपचे २५,००० आणि ऑफिसातल्या मैत्रिणीचे २०,०००. कार्डांचं मिनिमम ८,१५० भरते, लोनचा हप्ता ७,५००, फोनचा ४,२००. बाबा निवृत्त झाल्यावर, चौदा महिन्यांपूर्वी, पगार वाढल्याचं मी घरी खोटंच सांगितलं आणि ७,००० ऐवजी १२,००० द्यायला लागले. वरचे पाच हजार बाबा माझ्या लग्नासाठी बँकेत आरडीत (दरमहा भरायच्या ठेवीत) टाकतात. दिवाळीला घरी ३४,००० चा फ्रिज घेतला, तोही कार्डावर. आता एक बँक फोन करून चार लाख देऊ म्हणते. ते घेऊन सगळं एकदम फेडू? की आजीनं मला दिलेली बोरमाळ आईच्या कपाटातून काढून गुपचूप गहाण टाकू? ओळखीचे एक काका महिना दहा टक्क्यांनी देतात. आई स्थळं बघते आहे. फोन वाजला की पोटात गोळा येतो. घरी कळायच्या आत मला यातून बाहेर पडायचं आहे.

उत्तर :

तुझं पत्र मी पेन्सिल घेऊन वाचलं. कर्जाची पत्रं बरीच येतात, पण त्यात बहुतेक वेळा ‘खूप झालंय’ एवढंच असतं. तू रुपयान् रुपया लिहिलास. स्वतःचं कर्ज इतक्या स्पष्टपणे कागदावर उतरवायला धीर लागतो, आणि तो तुझ्यात आहे हे आधी सांगते.

आता तुझेच आकडे जरा जवळजवळ मांडून बघू. एकूण कर्ज ३,३५,०००. दर महिन्याला कार्डं, लोन आणि फोन मिळून १९,८५० जातात, घरी १२,०००. म्हणजे ३१,८५०. उरले २,१५०. एवढ्यात डोंबिवलीहून लोअर परळला रोज येणं-जाणं, मोबाइलचं रिचार्ज, औषधपाणी, कधीतरी डबा नसला तर जेवण. हे या शहरात कुणालाच जमणार नाही. त्या दोन लोन ॲपचे पैसे तू उधळले नाहीस. महिना पुरला नाही म्हणून घेतलेस.

कार्डाचंही बघ. बिलावर व्याज महिना ३.५ टक्के आहे, असं तूच लिहिलंयस. दोन्ही कार्डांच्या १,६३,००० वर ते होतं सुमारे ५,७००, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६,७०० च्या वर. तू भरतेस ८,१५०. मुद्दल कमी होते ती जेमतेम चौदाशेनं. शिवाय मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, ज्या दिवशी कार्ड घासलं त्याच दिवसापासून व्याज चालू. बिलावरच्या ‘मिनिमम’ या शब्दानं वाटतं की आपण वेळेवर भरतोय, सगळं सुरळीत आहे. त्यानं फक्त लेट फी टळते आणि खातं थकीत दिसत नाही. कर्ज जागच्या जागी उभं राहतं.

म्हणून तुला एक विचारते. गोवा, सेल, शुक्रवारची हॉटेलं दीड वर्षापूर्वी बंद झाली. मग आठ महिन्यांपूर्वी रिकामी केलेली कार्डं पुन्हा कशानं भरली?

मी बेरीज केली. घरी वाढवून दिलेले पाच हजार, चौदा महिने, झाले ७०,०००. फ्रिजचे ३४,०००. एकूण १,०४,०००. तुझ्या आजच्या कर्जाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा! त्यावरचं व्याज वेगळंच. तू स्वतःला उधळी म्हणतेस, आणि पहिल्या दोन वर्षांपुरतं ते खरंही आहे, मी ते झाकणार नाही. टॅक्सीनं रोज दीड-दोनशे गेले असतील तर महिन्याचे चार हजार तिथेच संपले. पण त्यानंतरचं कर्ज आधीचं कर्ज दिसू नये म्हणून झालं. पगार वाढलाय, सगळं छान चाललंय, हे घरी दिसत राहावं म्हणून.

आणि त्या पाच हजारांचं पुढे काय होतं? बाबा ते आरडीत टाकतात. आरडीवर बँक वर्षाला सहा-सात टक्के देते. तुझं कार्ड वर्षाला बेचाळीस टक्के घेतं. एकाच घरातल्या एका खिशातून बेचाळीस टक्के बाहेर चाललेत आणि दुसऱ्या खिशात सात टक्के येताहेत, आणि दोन्ही खिसे एकमेकांशी बोलत नाहीत. हे वाचताना मला खरंच कळवळा आला. बाबा तुझ्यासाठी साठवताहेत, तू बाबांसाठी कर्ज काढते आहेस.

मी लालबागच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत होते. तू जिथे नोकरीला जातेस त्या लोअर परळच्या टोलेजंग इमारती आणि मॉल गिरण्यांच्याच जमिनीवर उभे आहेत. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात सावकाराचा माणूस उभा असायचा, ते सगळ्यांनाच माहीत होतं. १९३१ साली शाही श्रम आयोगाचा अहवाल आला, त्यातही लिहिलंय की बहुसंख्य औद्योगिक कामगार नोकरीच्या आयुष्यातला मोठा काळ कर्जातच असतात. तेव्हा कर्ज म्हणजे तुझ्या एकटीच्या स्वभावातला डाग आहे, असं समजू नकोस. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. वडिलांनी त्याआधीच एकाकडून व्याजानं पैसे घेतले होते. संप लांबत गेला तसे त्यांनी ते फेडायला दुसऱ्याकडून घेतले, मग तिसऱ्याकडून. आईला त्यांनी सांगितलं नाही, तिला काळजी नको म्हणून. तिला कळलं ते किराणा दुकानदाराकडून, चार बायकांच्या देखत. पैसे पुढे फिटले. पण ‘मला सगळ्यांत शेवटी कळलं’ हे वाक्य माझी आई म्हातारपणापर्यंत म्हणत होती. तुझं पत्र वाचताना मला ती आठवली.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य आहे, ‘घरी कळायच्या आत’. ही अट तू स्वतःच घातली आहेस, आणि तिची किंमत व्याजापेक्षा जास्त आहे. या अटीमुळे तुझ्यासाठी स्वस्त वाटा सगळ्या बंद झाल्यात. आरडी बाबांकडे, बोरमाळ आईच्या कपाटात, सात हजारांवर परत यायचं तर कारण सांगावं लागणार, पतसंस्थेत जावं तर जामीन कोण राहणार? अट पाळून उघडी राहतात ती महाग दारंच : ॲप, व्याजवाले काका, अनोळखी फोनवरचं लोन.

काकांचं आधी मिटवून टाकू. महिना दहा टक्के म्हणजे वर्षाला एकशेवीस. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय व्याजानं पैसे देता येत नाहीत. त्यांच्याकडे जाऊ नकोस. कोरे चेक, एटीएम कार्ड असलं काही कुणाच्या हाती देऊ नकोस. ज्यांनी आधीच दिलंय, त्या वाचकांनी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात लेखी तक्रार करावी. ती नोंदवून घेण्याचं काम त्यांचंच आहे.

चार लाखांच्या लोनचा मी प्रामाणिकपणे विचार केला, कारण वरवर ते वाईट दिसत नाही. समजा १६ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी मिळालं, तर हप्ता येईल ९,७०० च्या आसपास. आजच्या १९,८५० पेक्षा निम्मा. पण पाच वर्षांत भरशील ५,८३,०००. आणि मुख्य म्हणजे हाच प्रयोग तू आठ महिन्यांपूर्वी केलास. लोननं कार्डं रिकामी होतात, पण ज्या तुटवड्यामुळे ती भरली तो तसाच राहतो. घरी बारा हजार जात राहतील, कार्डाची मर्यादा पुन्हा मोकळी असेल, वर साठ-पासष्ट हजार जास्तीचे हातात. नको. निदान आत्ता नको.

बोरमाळ गहाण टाकणं हिशेबानं चूक नाही. सोनेतारण कर्ज बँकेत साधारण ९ ते १२ टक्क्यांत मिळतं, कार्डाच्या पाव व्याजात. चूक आहे ती ‘गुपचूप’ या शब्दात. कुणाच्या लग्नाला घालायला म्हणून आईनं कपाट उघडलं आणि डबी रिकामी दिसली, तर त्या क्षणी ती कर्जाचा विचार करणार नाही, चोरीचा करेल. घरी कामाला येणाऱ्या बाईवर आळ जाईल.

म्हणजे सांगावं लागेल. मला माहीत आहे, तुला हेच नको होतं. पण कसं सांगायचं याचा आपण नीट विचार करू.

आईला एकटीला सांगू नकोस. घराघरांत हेच होतं, लेक आईला सांगते, ‘बाबांना सांगू नकोस हं’ म्हणते, आणि मग ते ओझं आई वाहते. दोघांना एकत्र सांग. सकाळच्या घाईत किंवा रात्री दमून आल्यावर नको. रविवारी दुपारी, जेवणं आवरल्यावर, टीव्ही बंद करून. मला पाठवलास तो हिशेब एका कागदावर सुवाच्य लिहून घेऊन बस. रडू आलं तर येऊ दे, पण कागद समोर असू दे, म्हणजे बोलणं आकड्यांवर राहील. सुरुवात साधी कर : “बाबा, माझा पगार वाढला नव्हता. मी खोटं बोलले. माझ्यावर कर्ज आहे, ते किती आणि कसं झालं ते यात लिहिलंय. मला ते स्वतःच फेडायचंय, पण तुमच्या मदतीशिवाय फार महाग पडतंय.” मग दोन गोष्टी माग : घरचे पैसे पुन्हा सात हजार करायचे, आणि त्या आरडीतले पैसे कर्जाला वापरायचे.

बाबा चिडतील. कदाचित चार दिवस बोलणार नाहीत. आई फ्रिजकडे बघून काहीतरी लागेल असं बोलेल. ते ऐकून घे, उलटं उत्तर देऊ नकोस, गोव्याचं समर्थन करू नकोस. पण ज्या बाबांनी चौदा महिने तुझे पैसे स्वतःवर न खर्चता तुझ्याच नावानं बाजूला टाकले, ते तुला वाऱ्यावर सोडतील असं तुझ्या पत्रावरून मला वाटत नाही.

प्रत्येक घर असं नसतं, हेही मला ठाऊक आहे. ज्या वाचकांच्या घरी मारहाण आहे, किंवा पैशाचं कळल्यावर मुलीची नोकरीच बंद होईल अशी स्थिती आहे, त्यांनी आधी मामा, आत्या, मोठी बहीण असं भरवशाचं एखादं वडीलधारं माणूस गाठावं. घरात नाहीतर नात्यात, पण निदान एका माणसाला पूर्ण आकडा माहीत असायला हवा.

आता समजा बाबांनी आरडी मोडली. मुदतीआधी मोडल्याचा थोडा दंड धरूनही सत्तर हजार कुठे जात नाहीत. त्यातून पहिले जातील ॲपचे २५,०००. रक्कम लहान आहे, पण मुदत जवळची आणि व्याज-दंड सगळ्यांत चटका देणारे. उरलेले ४५,००० दुसऱ्या कार्डावर, आणि त्या कार्डाचे राहिलेले सहा हजार येत्या पगारातून, मैत्रिणीला थोडं थांबायला सांगून. ते कार्ड शून्यावर आलं की लेखी विनंती करून बंद कर. बाकी काही नसेल तर बँकेनं सात कामाच्या दिवसांत ते बंद करायला हवं, उशीर केला तर दिवसाला पाचशे रुपये दंड तिनं तुला द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

पहिल्या कार्डाच्या १,१२,००० साठी बँकेला फोन करून ‘थकबाकी हप्त्यांत बदलून द्या’ म्हण. बहुतेक बँका देतात, आणि दर कार्डाच्या नेहमीच्या व्याजापेक्षा बराच कमी असतो. १८ टक्क्यांनी दोन वर्षं मिळाली तर हप्ता सुमारे ५,६००, वर व्याजावरचा जीएसटी. होकार देण्याआधी दर, प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा दंड हे तिन्ही विचारून घे. बँकेनं नाहीच म्हटलं, तर आईच्या संमतीनं बोरमाळ तारण ठेवायची. त्यात एक सांभाळ : अशी कर्जं बहुधा वर्षाची असतात, व्याज भरून नूतनीकरणाची तारीख चुकली तर लिलावाची नोटीस येते. आजीच्या दागिन्याची तारीख आईच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवायची.

मग महिना असा दिसेल : लोन ७,५००, फोन ४,२००, कार्ड ५,६००, घरी ७,०००. हातात ९,७०० उरतात. यात जगता येतं, डबा घरचा असल्यावर तर नक्की. पाच महिन्यांनी फोन संपला की ते ४,२०० मैत्रिणीकडे वळव, पाच महिन्यांत तिचे वीस हजार फिटतील. तिला आजच ही तारीख सांग. तिचं कर्ज बिनव्याजी आहे, म्हणून लोक ते सगळ्यांत शेवटी ठेवतात आणि मैत्री तिथेच तुटते. त्यानंतरचे सहा महिने तेच ४,२०० वेगळ्या खात्यात साठव, म्हणजे घरात दुखणं आलं तर कार्डाकडे हात जाणार नाही. सोळा महिन्यांनी लोन संपेल, तेव्हा सगळं बळ उरलेल्या कार्डावर लाव. पावणेदोन वर्षांच्या आत तू मोकळी होशील. तेव्हा तू अठ्ठावीसच्या आसपास असशील.

कुणी ‘सेटलमेंट करा, निम्म्यात मिटवतो’ असं सांगितलं तर भुलू नकोस. तू फेडू शकतेस. सेटलमेंटची नोंद क्रेडिट अहवालात वर्षानुवर्षं राहते आणि पुढे घराच्या कर्जाला आड येते. तो अहवाल सिबिलसारख्या, कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. मागवून घे, तुझ्या नावावर भलतंच काही नाही ना ते बघ. आणि स्थळवाल्यांना तो परस्पर दिसत नाही, ती भीती काढून टाक. लग्न ठरायच्या गोष्टी पुढे गेल्याच, तर त्या मुलाला तू स्वतः सांगशील, इतकंच.

ॲपवाल्यांबद्दल. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. तुझे कॉन्टॅक्ट, फोटो उघडण्याचा अधिकार कर्ज देणाऱ्या ॲपला नाही. ॲपमागे कोणती बँक किंवा वित्त कंपनी आहे ते बघ, त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लिही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीचा क्रमांक १४४४८. मागे कुणीच नोंदणीकृत नसेल आणि धमक्या, बनवलेले फोटो असला प्रकार झाला तर पैसे पाठवत बसू नका, १९३० वर सायबर गुन्ह्याची तक्रार करा. ‘पोलीस पाठवतो’ म्हणून घाबरवतात. हप्ता थकणं हा गुन्हा नाही. मात्र दिलेला चेक किंवा ऑटो-डेबिट शिल्लक नसल्यानं परत गेला तर कायद्यात शिक्षेची तरतूद आहे, म्हणून हप्त्याच्या तारखेला खात्यात पैसे ठेवच.

खर्चाचं फार सांगत नाही, तुझं तू बंद केलंयस. फक्त सगळ्या खरेदीच्या आणि जेवणाच्या ॲपमधून साठवलेलं कार्ड काढून टाक, यूपीआयला क्रेडिट कार्ड जोडलेलं असेल तर तेही. खर्चाचे पैसे आठवड्याचे आठवड्याला काढ. टॅक्सी नको. पण काटकसरीच्या भरात फर्स्ट क्लासचा पास बंद करू नकोस. डोंबिवलीच्या सकाळच्या गर्दीत दारात लटकून जीव धोक्यात घालावा, एवढं कोणतंही कर्ज मोठं नाही.

झोप लागत नाही, पोटात गोळा येतो, हे तू ओझरतं लिहिलंस. मला ते ओझरतं वाटलं नाही. मनात कधी जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला, तुझ्या किंवा हे वाचणाऱ्या कुणाच्याही, तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

रविवारी बोलणं झालं की सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बँकेला फोन कर. शक्य झालं तर बाबांना तिकडून दुसऱ्या फोनवर जोडून घे. चार माणसांशी बोलून काम काढून घेण्यात त्यांची हयात गेली असेल, दर कमी करून मागायला ते तुझ्यापेक्षा कमी लाजतील. तक्रार किंवा विनंतीचा जो क्रमांक मिळेल तो त्याच कागदावर, पहिल्या कार्डाच्या आकड्यासमोर लिहून ठेव.